कापडाची जाडी

वयाच्या चौपन्नाव्या वर्षी मी लेथवर काम करायला शिकले, असं महिला मंडळात सांगितलं तेव्हा एकजणीनं सरळ विचारलं, "त्यात दळायचं काय असतं?" सगळ्या हसल्या. मीही हसले. कारण आठ आठवड्यांपूर्वी मला तरी कुठं ठाऊक होतं? बी.ए.ला माझा विषय मराठी. यंत्र म्हणजे मिक्सर आणि शिवणाचं मशीन, आणि त्यातलं काही बिघडलं की बोलवायचा माणूस. घरातल्या प्रत्येक वस्तूला नावं ठेवायची सवय मात्र मला पहिल्यापासून. या कुकरचा दांडा कुणी केला, या किटलीतून धार का सांडते, या कपाटाची कडी बायकांच्या हाताला का पोचत नाही, असं माझं सारखं चाललेलं असतं. माझ्या या तोंडपट्ट्याला कंटाळूनच पुण्याहून लेकीनं एक जाहिरात पाठवली. उद्यमबागेजवळच्या एका संस्थेत शनिवार-रविवारचा वर्ग होता. वस्तूची रचना स्वतः करायची, मग ती स्वतःच्या हातानं बनवायची. वयाची अट नाही. खाली लेकीनं लिहिलं होतं, "आई, नावं ठेवणं पुरे. आता करून बघ."

ती जाहिरात मी तशीच सोडून दिली असती. पण त्या महिन्यात घरात एक गोष्ट घडली होती.

सासूबाईंना आम्ही सगळे आक्का म्हणतो. वय त्र्याऐंशी. गेल्या उन्हाळ्यात त्यांना लघवीच्या जागी जळजळ, मग थंडी वाजून ताप. दवाखान्यात सलाइन लावावं लागलं. डॉक्टर म्हणाले, "पाणी फार कमी पडतंय शरीरात. दिवसाला किती पाणी पितात?" मी आक्कांकडं बघितलं. त्या खिडकीकडं बघत होत्या. पाणी किती पितात ते मला माहीत नव्हतं. तीस वर्षं एका घरात राहून माहीत नव्हतं.

घरी आल्यावर हळूहळू कळलं. आक्का दिवसभरात जेमतेम एक तांब्या पाणी पीत होत्या. तहान लागत नव्हती म्हणून नव्हे. पाणी गाळता येत नव्हतं म्हणून.

आपल्यापैकी बऱ्याचजणींना हे सांगायला नकोच. गाळलेलं पाणी दोन घडी चालतं, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटं. त्यानंतर प्यायचं तर पुन्हा गाळायचं. जाड सुती कापड दुहेरी करून कळशीच्या तोंडावर टाकायचं, वरून पाणी ओतायचं. मग ते कापड पिळायचं नाही. उलटं धरून त्यावर गाळलेलंच पाणी घालायचं आणि ती जिवाणी जिथलं पाणी तिथं परत सोडायची. शहापुरातल्या आमच्या घराच्या मागं अजून विहीर आहे, त्यामुळं आक्कांचा हा नेम सत्तर-पंच्याहत्तर वर्षं बिनबोभाट चालला. पण गेली तीन-चार वर्षं त्यांची बोटं संधिवातानं वाकडी झाली आहेत. कापड धरता येत नाही, गाठ मारता येत नाही. ओतायला दोन्ही हात लागतात, आणि ओतता ओतता कापड कळशीत घसरतं. मग सगळंच पाणी वाया. सूर्यास्तानंतर त्या पाणी घेत नाहीत, म्हणजे जे काही प्यायचं ते दिवसाउजेडी.

"मग मला हाक मारायची की, आक्का," मी म्हटलं.

"मारत नव्हतो होय? एकदा मारतो, दोनदा मारतो. तू स्वयंपाकात असतीस, पुस्तक घेऊन बसलेली असतीस. परत अठ्ठेचाळीस मिनिटांनी आणि हाक मारायची. सारखं सारखं काय मागायचं गं?"

(आमच्याकडच्या जुन्या बायका 'मी मारतो, मी येतो' असंच बोलतात. पुण्याच्या जावयाला अजून त्याची सवय व्हायची आहे.)

मी म्हटलं, उकळून ठेवते, ते दिवसभर चालतं. दोन दिवस त्यांनी ते पाणी घेतलं आणि तिसऱ्या दिवशी तांब्या बाजूला सारला. "घसा ओला होतोय. तहान जात नाही." नळाला कापडाची पिशवी बांधू म्हटलं, तर आमच्याकडं नळाला रोज पाणी कुठं येतं? आणि बांधून ठेवलेली ओली पिशवी तिथंच वाळते, त्या जिवांचं काय, हा त्यांचा प्रश्न. त्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं.

स्वतःच्या घरात, स्वतःच्या विहिरीपाशी एक बाई तहानलेली राहिली होती आणि मला पत्ता नव्हता. ती जाहिरात मी पुन्हा उघडली ती त्या रात्री.

वर्गात आम्ही बाराजण होतो. बरीचशी मुलं उद्यमबागेतल्या छोट्या कारखानदारांची, दोन निवृत्त शिक्षक, एक सुतार आणि बायकांत मी एकटी. बेळगावात उद्यमबागेला ओतकाम आणि यंत्रकामाचा वास आहे. भट्ट्या, लेथ, हायड्रॉलिकचे सुटे भाग. इतकी वर्षं त्या रस्त्यानं जात होते, पण आत काय चालतं ते कधी डोकावून पाहिलं नव्हतं.

पहिल्याच दिवशी सरांनी एक गोष्ट सांगितली. याच बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 साली सायकलींचं दुकान काढलं. चित्रकार व्हायला मुंबईच्या जे.जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेलेला हा माणूस. काही रंग नीट ओळखता येत नाहीत म्हणून चित्रकला सोडावी लागली आणि यंत्रांची ड्रॉइंग शिकला. पुढं लोखंडी नांगर केला, तर शेतकरी तो घेईनात. लोखंडानं जमिनीला विष चढतं अशी समजूत होती. "नांगर उत्तम होता," सर म्हणाले, "पण उत्तम वस्तू केली की काम संपत नाही. ती कुणाच्या हातात जाणार आहे, त्याच्या मनात काय आहे, हेही वस्तूच्या रचनेतच येतं." किर्लोस्कर म्हटलं की मला 'स्त्री' मासिकच आठवायचं. आईकडं त्याचे जुने अंक होते. त्यामागं सायकलच्या पंक्चरचं दुकान होतं, हे मला त्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवशी यंत्रशाळेचे नियम. साडी नको, ओढणी नको, केस बांधून टोपीत. अंगठी, बांगड्या, मंगळसूत्र, सगळं काढून ठेवायचं. हातमोजेसुद्धा घालायचे नाहीत. मला वाटायचं हातमोज्यानं हात सांभाळला जातो. पण फिरत्या यंत्रात मोजाचं टोक अडकलं तर ते हात ओढून घेतं. चक आवळायची किल्ली चकमध्ये विसरायची नाही, कारण यंत्र सुरू होताच ती गोळीसारखी सुटते. ती विसरणाऱ्याला सर त्या दिवसापुरतं घरी पाठवायचे.

बांगड्या काढताना माझा हात अडखळला. लग्नानंतर हात कधी मोकळे ठेवले नव्हते. आदल्या रात्री आरशापुढं उभी होते तेव्हा आक्का दारातून बघत होत्या. वाटलं, आता काहीतरी बोलणार. म्हणाल्या, "काढ की. लोखंडाला सौभाग्य कळतंय होय?"

मंडळात कुणीतरी असंही विचारलं होतं, की भट्टी, आग, लोखंड, हे आपल्यात चालतं का? आपल्या शास्त्रांत हिंसेचे चार प्रकार सांगितले आहेत. जाणूनबुजून केलेली ती संकल्पी, ती गृहस्थानंही टाळायचीच. पण घरकामात घडणारी आरंभी आणि चरितार्थासाठी कामधंद्यात घडणारी उद्योगी गृहस्थाला पूर्ण टळत नाही, फक्त जतन बाळगायची असते. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी जहाजं, विमानं, मोटारी अशा तिन्ही कारखान्यांची मुहूर्तमेढ रोवली, ते आपल्याच समाजातले. आणि खरं सांगते, 'जतन' या शब्दाचा अर्थ मला प्रवचनांपेक्षा त्या यंत्रशाळेत जास्त कळला. पाय कुठं ठेवतोय, हात कुठं आहे, नजर कुठं आहे, याचं तिथं क्षणाक्षणाला भान ठेवावं लागतं.

मग ड्रॉइंग. सरांनी साधा तांब्या पुढं ठेवला. समोरून काढा, वरून काढा, बाजूनं काढा. समोरून काढला तर गळा आणि पोट. वरून काढला तर एकात एक नुसती वर्तुळं. दोन्ही चित्रं शेजारी ठेवली तर कुणाला वाटणार नाही की वस्तू एकच आहे. दोन्ही खरी, आणि एकटं कुठलंच पुरं नाही. "एका बाजूनं बघून कारागिराला ड्रॉइंग देऊ नका," सर म्हणाले. अनेकांतवादावर मी मंडळात दोनदा भाषण केलं आहे. दोन्ही वेळा हत्ती आणि आंधळ्यांचीच गोष्ट सांगितली. यापुढं तांब्या घेऊन जाईन म्हणते.

तिसऱ्या आठवड्यात प्रत्येकानं आपला प्रकल्प सांगायचा होता. अट एकच. खऱ्या माणसाच्या खऱ्या अडचणीवर वस्तू करायची. मी मोठ्या उत्साहानं उभी राहिले. पाणी गाळायचं स्टँड. चार पाय, वर तिरकं होणारं भांडं, खाली कापडाची चौकट, बाजूला एक दांडा. दांडा दाबला की पाणी ओतलं जातं. चित्रही रंगवून नेलं होतं.

सरांनी शांतपणे पाहिलं. म्हणाले, "ताई, हे तुम्ही उत्तर आणलंत. प्रश्न काय आहे?"

"सासूबाईंना पाणी गाळता येत नाही."

"गाळण्यातलं काय येत नाही?"

मी गप्प.

"एक दिवस त्यांच्याजवळ बसा. मदत करायची नाही, सुचवायचं नाही. नुसतं बघायचं आणि लिहायचं."

तुम्हाला सोपं वाटेल. मला आयुष्यातलं अवघड काम वाटलं. आक्का कळशीशी झटताहेत आणि मी वही घेऊन स्टुलावर बसले आहे. हात शिवशिवत होते. दोनदा उठले, दोनदा बसले. आक्का म्हणाल्या, "परीक्षा घ्यालीस होय माझी?" पण त्या दिवशी जे दिसलं, ते तीस वर्षांत दिसलं नव्हतं. पाणी उचलायला त्यांना अडचण नव्हती. छोट्या तांब्यानं, दोन्ही तळहातांत धरून, त्या बेतानं ओतत होत्या. कापड पसरायलाही येत होतं. नडत होतं ते एकच. ओतताना कापड जागच्या जागी धरून ठेवायला तिसरा हात नव्हता. माझं स्टँड, त्याचे पाय, तो दांडा, सगळं त्यांना येत असलेल्या कामासाठी होतं. न येणाऱ्या कामासाठी त्यात काहीच नव्हतं.

विहिरीकडं गेल्या तेव्हा अजून एक दिसलं. जिवाणी सोडायची आमची छोटी तांब्याची बादली आहे, तिच्या बुडाला कडी आहे. एक दोरी वरच्या दांड्याला, दुसरी बुडाच्या कडीला. बादली पाण्याला टेकेपर्यंत सरळ जाते, मग बुडाची दोरी ओढली की ती पाण्यातच उलटी होते. जीव उंचावरून आपटत नाहीत. लग्न होऊन आल्यापासून मी ती बादली वापरते आहे. ती कुणीतरी विचार करून केली आहे, कुणी अज्ञात तांबट आणि कुणी अज्ञात बाई शेजारी बसून बोलली असतील, हे कधी मनातच आलं नव्हतं. मी तिचं चित्र काढून वर्गात नेलं. सर बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "हे फळ्यावर काढा. आजचा धडा हाच."

मग माझी वस्तू लहान झाली. कळशीच्या गळ्यावर बसणारं एक कडं. कापड टाकायचं, वरून कडं बसवायचं, झालं.

पण त्या कड्यानं मला रडवलं.

व्हर्निअर कॅलिपर नावाचं मापाचं साधन असतं. मिलिमीटरचा पन्नासावा भाग त्यावर वाचता येतो. मी कळशीचं तोंड मोजलं, 142. अभिमानानं वहीत लिहिलं. सर म्हणाले, "तीन ठिकाणी मोजा." दुसरीकडं 141.6, तिसरीकडं 142.8. कळशी ठोकून घडवलेली, आक्कांच्या माहेरची. डोळ्याला गोल दिसणारी वस्तू मापाला गोल नसते, हा पहिला धडा.

सहा इंची ॲल्युमिनिअमच्या पाइपचा तुकडा भंगारातून मिळाला. तो लेथच्या चकमध्ये धरला. चकचे तीन जबडे कामाची वस्तू धरून ठेवतात. निसटायची मला भीती, म्हणून जोर लावून आवळला. आतून तासायला सुरुवात केली. ॲल्युमिनिअमचा चंदेरी कीस वळत वळत बाहेर येतो तेव्हा अगदी चकली पाडल्यासारखं वाटतं. किल्ल्यातल्या कमल बसदीचे ते गुळगुळीत, वळी पाडलेले गोल खांब मला आठवले. 1204 सालची ती बसदी. विजेवर चालणारं यंत्र नसताना दगड असा गोल करणाऱ्यांच्या हाताचा विचार करत मी तासत होते. बरोबर 143 ला थांबले, म्हणजे एक मिलिमीटर मोकळीक. यंत्रावरच मोजलं, चहूबाजूंनी अचूक. जबडे सैल केले, कडं हातात घेतलं, पुन्हा मोजलं आणि चक्रावले. कडं गोल राहिलंच नव्हतं. तीन जागी दबलेलं, तीन जागी फुगलेलं.

सरांनी समजावलं. पातळ कडं जोरात आवळलं की ते तीन ठिकाणी आत दबतं. त्या दबलेल्या अवस्थेत तुम्ही ते गोल तासता. पकड सोडली की धातू आपल्या मूळ जागी जायला बघतो आणि तासलेलं गोलपण बिघडतं. "निसटणार नाही एवढंच धरायचं असतं. त्यापेक्षा जास्त धरलं तर धरलेलं असेपर्यंतच आकार बरोबर दिसतो."

ते यंत्राविषयी बोलत होते. मला मात्र माझी लेक आठवली, बारावीनंतर दोन वर्षं माझ्याशी धड न बोललेली. त्या संध्याकाळी तिला फोन केला. कड्याचंच सांगितलं, दुसरं काही बोलले नाही. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "पुढच्या वेळी बेतानं आवळ." एवढंच.

दुसरं कडं बेतानं धरून केलं. छान गोल झालं. घरी आणलं, कळशीवर ठेवलं, अलगद बसलं. आक्कांना हाक मारली, ह्यांना हाक मारली. आक्कांनी कापड पसरलं, मी वरून कडं ठेवलं आणि ते बसेना. दाबलं तरी बसेना. ह्यांनी चष्मा पुसून वाकून बघितलं आणि म्हणाले, "कापडाची जाडी धरलीस का?"

धरली नव्हती. दुहेरी कापडाची जाडी सुमारे एक मिलिमीटर. ती दोन्ही बाजूंनी, म्हणजे दोन. मी मोकळीक ठेवली होती एक. शिवाय चौकोनी कापड गोल तोंडावरून खाली येताना त्याला चुण्या पडतात, तिथं जाडी आणखी वाढते. पस्तीस वर्षं साडीच्या निऱ्या धरणाऱ्या बाईला हे कळू नये? मी कळशी मोजली, कडं मोजलं, आणि ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, ते कापडच मोजायचं विसरले. दोन दिवस माझं तोंड उतरलेलं होतं. माणसांच्या बाबतीतही मी हेच करत आले की काय, असं सारखं वाटत राहिलं. सासू मोजली, सून मोजली. दोघींच्या मध्ये रोज जे असतं, तो संकोच, ते 'सारखं काय मागायचं', त्याला जागा ठेवलीच नाही.

तिसरं कडं मोठं केलं आणि आत थोडा उतार दिला, म्हणजे दाबलं की घट्ट बसेल. बसलं, इतकं घट्ट बसलं की निघेना. मला निघेना, तर आक्कांना काय निघणार? आक्का सगळं बघत होत्या. म्हणाल्या, "तुझं ते मशीन राहू दे घटकाभर. मला काय करता येतंय ते विचार की."

हा प्रश्न मी विचारलाच नव्हता. काय येत नाही तेवढंच वहीत लिहिलं होतं.

"काय करता येतं, आक्का?"

त्यांनी थोडा विचार केला. मग दोन्ही तळहात एकमेकांवर दाबून दाखवले. नमस्कार करतो तसे. "एवढं रोज करतो. ह्याला बोटं लागत नाहीत."

ते मी वर्गात सांगितलं तेव्हा आमच्यातला सुतार पटकन उठला आणि पाण्याच्या रबरी नळीवर बसवतात ती तारेची क्लिप घेऊन आला. गोल तार, तिची दोन टोकं एकमेकांना ओलांडून बाहेर आलेली. टोकं जवळ दाबली की गोल मोठा होतो, सोडली की आवळतो. तीच रचना मोठी करायची. टोकांना तळहाताएवढे कान करायचे. नमस्कार केला की कडं उघडणार, हात सोडले की कापड धरणार. जाडी कमी-जास्त झाली, चुण्या पडल्या, कळशी थोडी वाकडी असली, तरी तार आपली आपण जुळवून घेणार.

स्टेनलेस स्टीलची स्प्रिंगची तार आणली. 3 मिलिमीटरची घेतली ती लेचीपेची, कापड निसटलं. 4 मिलिमीटरची घेतली ती बरोबर लागली. एका मिलिमीटरनं काय होतं, असं मला वाटलं होतं. पण तारेचा ताठरपणा जाडीच्या चौथ्या घातानं वाढतो. तीनाची चार झाली की जोर तिपटीहून अधिक. तार वाकवायला लाकडाचा गोल साचा लेथवर केला. तार साच्यावरून सोडली की थोडी उलगडते, म्हणून साचा हव्या त्या मापापेक्षा लहान ठेवावा लागला. किती लहान, ते चार वेळा तार वाया गेल्यावर समजलं.

घरी आणली. आक्कांनी कापड टाकलं, हात जोडले, कडं उघडलं, गळ्यावर बसवलं, हात सोडले. बसलं. पाणी ओतलं, कापड हललं नाही. आणि मग कडं काढताना तारेचं कापलेलं टोक त्यांच्या मनगटाला लागलं. त्या वयात कातडी कागदासारखी असते. रक्त आलं.

मी हळद शोधत होते आणि रडत होते. मला मोठ्या वस्तूची भीती होती, लेथची, चकच्या किल्लीची. कापलेल्या टोकाकडं मी पाहिलंच नव्हतं. कानस घेऊन दोन मिनिटांचं काम होतं. आक्का मनगट पुढं करून बसल्या होत्या. म्हणाल्या, "रडतीस कशाला? पहिली पोळी कुणाची गोल आलीया?" मग थोड्या वेळानं म्हणाल्या, "टोक आत वळव. तोरड्यांची टोकं आत वळवत्यात तसं."

टोकं आत वळवली. तेच शेवटचं कडं. तीन महिने झाले, रोज वापरात आहे. लेथवर तासलेली माझी तिन्ही चकचकीत कडी कपाटात पडून आहेत. ज्या यंत्राच्या मी प्रेमात पडले होते, त्याची वस्तूला थेट गरजच नव्हती. लागली ती फक्त साचा करायला.

शेवटच्या दिवशी प्रत्येकानं आपली वस्तू दाखवायची होती. पोरांनी फार हुशारीच्या वस्तू केल्या होत्या. माझ्या हातात वाकवलेली तार. सर म्हणाले, "हिच्यामागं किती चुका आहेत त्या सांगा." मी बोटं मोजत सांगत गेले. सांगता सांगता लक्षात आलं, घरात माझी चूक झाली की मी झाकत आले, आणि दुसऱ्याची झाली की मोजत आले. इथं मात्र चूक वहीत लिहायची, तारीख घालायची, आणि पुढच्या पानावर नवं ड्रॉइंग. कुणी रागावत नाही. तसं घरी झालं असतं तर आक्कांनी मला आधीच सांगितलं असतं का, की मला पाणी मिळत नाही?

आता मंडळातल्या सहाजणींनी कडी मागितली आहेत. प्रत्येकीकडं जाऊन कळशी मोजून आले. सहाही तोंडं वेगळी. एक वस्तू करणं आणि सहा करणं यांत फरक आहे. सहा साचे करायचे की एकाच मापात बहुतेक कळश्या बसतील असं बघायचं, त्याचा हिशेब वहीत चालू आहे. आणि या वेळी मी कापडंही मोजून आणली आहेत. शेजारच्या काकूंचं कापड आमच्या कापडाच्या निम्म्या जाडीचं निघालं. ते पाणी गाळायला चालेल का, यावर आक्कांनी त्यांना अर्धा तास सुनावलं, तो भाग वेगळा.

परवा दुपारी मी आत पडले होते. डोळा लागत होता. स्वयंपाकघरातून तांब्याचा आवाज आला, मग तारेचा हलका टण, मग पाण्याची धार. सवयीनं मी उठून बसले. मग पुन्हा आडवी झाले. धार थांबली. थोड्या वेळानं आक्कांनी घोट घेतल्याचा आवाज ऐकू आला. हाक आली नाही.